परराज्यातली गाडी महाराष्ट्राच्या नंबरवर घेताना

धारवाडहून बदली होऊन आम्ही पुण्याला आलो, तेव्हा सामानाच्या ट्रकमागोमाग आमची चार वर्षं जुनी पेट्रोल गाडीही आली. पाटी अर्थातच केए. आल्या आल्या तीन सल्ले मिळाले. शेजारचे काका म्हणाले, ‘वर्षभर कोणी विचारत नाही.’ ऑफिसातला मित्र म्हणाला, ‘लगेच बदल, नाहीतर चौकाचौकात अडवतील.’ आणि एजंट म्हणाला, ‘आरसी द्या, बाकी सगळं माझ्यावर सोडा.’ मी तिघांचं अर्धं अर्धं ऐकलं आणि जे काम दोन महिन्यांत व्हायचं, त्याला साडेपाच महिने घालवले.

काम अवघड नाही. पण त्याला क्रम आहे, आणि त्यात दोन राज्यांची दोन कार्यालयं आहेत. एका कार्यालयातली बारीकशी चूक दुसऱ्या कार्यालयात उघडकीला येते, तेव्हा ती दुरुस्त करायला शेकडो किलोमीटर मागे जावं लागतं. तुमचा तो हेलपाटा वाचावा म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. हे खासगी कार आणि दुचाकींपुरतं आहे. टॅक्सी, टेम्पो, ट्रक अशा पिवळ्या पाटीच्या वाहनांना परमिट आणि फिटनेसचे वेगळे नियम लागतात.

१. आधी कायदा समजून घ्या

सगळ्यांच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो: ‘मी कर्नाटकात पंधरा वर्षांचा टॅक्स एकदम भरलाय, मग इथे पुन्हा का भरायचा?’ मलाही हा अन्यायच वाटला होता. त्याचं उत्तर राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. मोटार वाहनांचा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणून नोंदणी आणि लायसन्सचा मूळ कायदा, म्हणजे मोटार वाहन अधिनियम १९८८, देशभर एकच आहे. वाहनांवरचा कर मात्र राज्य सूचीत येतो. महाराष्ट्रात त्यासाठी १९५८ चा मोटार वाहन कर अधिनियम आहे. त्यामुळे तुमचं लायसन्स देशभर चालतं, तुमची नोंदणीही देशभर वैध असते, पण कर ज्या त्या राज्याचा वेगळा. एका राज्यात भरलेला कर दुसऱ्या राज्यात वळता होत नाही. तो मागे मिळवण्याची वाट वेगळी आहे, ती शेवटी सांगतो.

दोन कलमं लक्षात ठेवा. कलम ४७ म्हणतं की, एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली, तर तिथला नवीन नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. कलम ४८ आहे एनओसीबद्दल, म्हणजे जुन्या आरटीओच्या ना-हरकत प्रमाणपत्राबद्दल. ते असल्याशिवाय नवीन राज्यात फाईल पुढे सरकत नाही.

शेजारच्या काकांचं ‘वर्षभर’ या कलम ४७ मधूनच आलं होतं. पण ती बारा महिन्यांची मुदत नंबर बदलण्याची आहे. कर राज्याच्या स्वतःच्या कायद्याने लागतो. म्हणून कायमचं राहायला आला असाल, तर अकरावा महिना उजाडेपर्यंत थांबू नका. घर लागलं, पत्त्याचा पुरावा हातात आला की कामाला लागा.

२. नंबर खरंच बदलायचा आहे का?

सहा-आठ महिन्यांच्या कामासाठी आला असाल तर नंबर बदलायची गरज नाही. फक्त गाडी राज्यात कधी आली याचा पुरावा गाडीत ठेवा: मूव्हर्सचं बिल, टोल ओलांडल्याची फास्टॅगची नोंद, भाडेकरार, नोकरीवर रुजू झाल्याचं पत्र. पोलिसांनी अडवलं तर नम्रपणे हे कागद दाखवा. आरसी, विमा आणि पीयूसी डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये असले तरी कायद्याने चालतात.

गाडी बारा-तेरा वर्षांची असेल तर नीट हिशेब करा. नवीन नंबर मिळाला म्हणून नोंदणीचं आयुष्य वाढत नाही. खासगी गाडीची नोंदणी पहिल्या नोंदणीपासून पंधरा वर्षांची असते आणि नवीन आरसीवरही तीच जुनी तारीख येते. दोन वर्षांसाठी कर, हेलपाटे आणि सुट्ट्या घालवण्यापेक्षा कधी कधी गाडी जुन्या गावीच विकून येणं परवडतं.

ज्यांची नोकरीच बदलीची आहे, त्यांनी बीएच, म्हणजे देशभर एकच राहणाऱ्या ‘भारत’ नंबरांच्या मालिकेचा विचार जरूर करावा. २०२१ च्या सप्टेंबरपासून ही सोय आहे. संरक्षण दलातले, केंद्र आणि राज्य सरकारांचे, सार्वजनिक उपक्रमांचे कर्मचारी आणि ज्या खासगी कंपनीची कार्यालयं चार किंवा अधिक राज्यांत वा केंद्रशासित प्रदेशांत आहेत तिचे कर्मचारी यांना तो नंबर मिळतो. कर दर दोन वर्षांचा भरायचा आणि राज्य बदललं तरी नंबर तोच. खासगी कंपनीत असाल तर मालकाकडून फॉर्म ६० मध्ये प्रमाणपत्र घ्यावं लागतं. नवीन गाडी घेतानाच मला हे माहीत असतं तर फार बरं झालं असतं.

३. आरसी आणि गाडी समोरासमोर ठेवून वाचा

ही पायरी कुठल्याच यादीत नसते आणि माझे साडेपाच महिने इथेच गेले.

एनओसीच्या अर्जावर चेसिस नंबरची पेन्सिल छाप लावावी लागते. बहुतेक लोक ती एजंटकडून किंवा गॅरेजवाल्याकडून काढून घेतात आणि चिकटवून मोकळे होतात. तुम्ही ती स्वतः काढा. कारमध्ये हा नंबर बहुधा पुढच्या सीटखाली गालिच्याच्या कापलेल्या झडपेआड किंवा बॉनेट उघडल्यावर मागच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. दुचाकीला हँडलखालच्या नळीवर सापडतो. रॉकेलच्या बोळ्याने धूळ-ग्रीस पुसा, पातळ पांढऱ्या कागदाची पट्टी त्यावर ताणून धरा आणि मऊ पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासा. आकडे-अक्षरं कागदावर उमटतात. अशा पाच-सहा पट्ट्या काढून ठेवा, पुढे लागतातच.

मग ती पट्टी आणि आरसी शेजारी ठेवून एकेक अक्षर बोट लावून वाचा. चेसिस नंबर सतरा अक्षरांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं मुळात वापरतच नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. म्हणजे आरसीवर कुठे ‘ओ’ दिसला, तर तिथे शून्य हवं आणि नोंद चुकली आहे असं समजा. इंजिन नंबरही असाच ताडून बघा. गाडीचा रंग, इंधन आणि मालकाचं नाव आधार-पॅनप्रमाणे आहे का, तेही पाहा.

माझ्या आरसीवर इंजिन नंबरात ‘बी’च्या जागी ‘आठ’ पडला होता. नोंदणीच्या वेळी गाडी विकणाऱ्या शोरूमने तसा भरला होता आणि चार वर्षांत कोणाचंच लक्ष गेलं नव्हतं, माझंही नाही. एनओसी निघाली, पुण्यात फाईल तयार झाली आणि तपासणीच्या दिवशी निरीक्षकांनी टॉर्च मारून इंजिन नंबर मोठ्याने वाचला. तिसऱ्याच सेकंदाला ते थांबले. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं: कागदावरची गाडी आणि समोरची गाडी एक नाही. एनओसी निघालेली असल्याने दुरुस्ती आणखी किचकट झाली. रात्रीच्या बसने दोन खेपा, शोरूमचं पत्र, नव्याने अर्ज. हीच दुरुस्ती एनओसीच्या आधी केली असती तर एका खेपेत झाली असती.

४. आपला आरटीओ कोणता, ते पत्त्यावरून ठरवा

एनओसी ‘महाराष्ट्र’ या नावाने मिळत नाही, एका ठराविक आरटीओच्या नावाने मिळते. ‘पुणे’ म्हटलं म्हणजे एमएच-१२ असं धरून चालू नका. वाकडला घर घेतलंत तर तुमचं कार्यालय पिंपरी-चिंचवड, म्हणजे एमएच-१४. मुंबईत तर ताडदेव, अंधेरी, वडाळा आणि बोरिवली अशी चार कार्यालयं, ०१, ०२, ०३ आणि ४७ क्रमांकांची. ठाणे ०४, कल्याण ०५, वाशी ४३, पनवेल ४६. चुकीच्या कार्यालयाचं नाव पडलं तर एनओसी बदलून घ्यावी लागते आणि त्यासाठी पुन्हा जुनं गाव गाठावं लागतं. म्हणून आधी भाडेकरार करा, त्या पत्त्याचा आरटीओ विचारून घ्या आणि मगच एनओसीचा अर्ज भरा.

५. जुन्या राज्यातून एनओसी

अर्ज केंद्राच्या परिवहन पोर्टलवर ‘वाहन’ सेवेत भरता येतो. त्याची छापील प्रत, सह्या आणि कागद मात्र जुन्या आरटीओत द्यावे लागतात. सोबत हे घ्या:

- फॉर्म २८, सहसा तीन प्रतींत, प्रत्येकीवर चेसिसची छाप
- मूळ आरसी, चालू विमा आणि पीयूसी
- कर भरल्याची पावती किंवा टॅक्स कार्ड
- ओळखीचा आणि जुन्या पत्त्याचा पुरावा, पॅन
- गाडी चोरीच्या नोंदीत नसल्याचा अहवाल
- कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती

पोर्टलवर जाण्याआधी थकलेली ई-चलनं भरून टाका, जुन्या राज्यातलीही आणि महाराष्ट्रात आल्यावर लागलेलीही. दोनशे-पाचशेच्या विसरलेल्या चलनावर अर्ज अडकलेला मी खिडकीवर पाहिलाय.

बँकेचं काम सगळ्यात आधी सुरू करा. कर्ज फिटलं असेल तर आरसीवरचं एचपी (हायपोथिकेशन, म्हणजे गाडी बँकेकडे तारण असल्याची नोंद) उतरवून घ्या. त्यासाठी फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र लागतं. अनेकांचं कर्ज फिटून वर्षं लोटलेली असतात, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच असतं. कर्ज चालू असेल तर गाडी राज्याबाहेर न्यायला बँकेची संमती मागा आणि त्या पत्रावर नवीन आरटीओचं नाव टाकून घ्या.

कायद्याप्रमाणे अर्जाची पोच मिळाली पाहिजे, आणि तीस दिवसांत नकार कळवला नाही तर एनओसी मिळाली असं मानलं जातं. हा तुमचा हक्क आहे आणि खिडकीवर शांतपणे सांगावा. पण माझ्या अनुभवात नवीन आरटीओत छापील एनओसीच मागतात. म्हणून पोच जपून ठेवा आणि पाठपुरावा सोडू नका.

एनओसी हातात आली की तिथेच, त्या कार्यालयाच्या ओट्यावर बसून वाचा. नाव, चेसिस, इंजिन, आरटीओचं नाव, सही, शिक्का. बाहेर पडण्याआधी दोन झेरॉक्स काढा.

जुनी गाडी परराज्यातून विकत घेत असाल तर मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या याच वेळी घेऊन ठेवा. कोरे सही केलेले फॉर्म मात्र घेऊ-देऊ नका. कलम ५० प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात जात असेल तर विकणाऱ्याने पंचेचाळीस दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचं असतं.

६. महाराष्ट्रात फाईल लावणं

इथे मुख्य अर्ज फॉर्म २७. सोबत मूळ एनओसी, मूळ आरसी, विमा, पीयूसी, महाराष्ट्रातल्या पत्त्याचा पुरावा, पॅन, चेसिसच्या छापा आणि गाडी घेतल्याचं मूळ बिल. बिल हरवलं असेल तर शोरूमकडून प्रत मागवून घ्या, कारण कर गाडीच्या किमतीवर लागतो आणि किमतीचा पुरावा तेच. नोंदणी शुल्क कारला ६०० रुपये आणि दुचाकीला ३००, स्मार्ट कार्डचे वेगळे.

अर्ज ऑनलाईन भरून अपॉइंटमेंट घ्या. तपासणीला गाडी स्वतः न्यावी लागते. गाडी धुवून न्या, इंजिनजवळचा नंबर पुसून ठेवा. काचेवर काळी फिल्म असेल, कंपनीच्या नसलेल्या भगभगीत लाईट बसवल्या असतील, पुढे लोखंडी गार्ड असेल तर आधीच काढून टाका. निरीक्षक नंबर ताडतात, गाडी कागदाप्रमाणे आहे का बघतात. सगळं जुळलं तर दहा मिनिटांचं काम आहे.

एजंटबद्दल माझं मत: वेळ अजिबात नसेल तर घ्या, त्यात गैर काही नाही. पण मूळ आरसी आणि एनओसी देताना लेखी पोच घ्या, मोबाईल नंबर स्वतःचाच नोंदवा म्हणजे ओटीपी आणि मेसेज तुम्हालाच येतील, आणि सरकारी शुल्काच्या पावत्या वेगळ्या मागा. माझ्या एका सहकाऱ्याने नोंदलेला नंबर एजंटचा होता. फाईल कुठल्या टेबलावर आहे हे त्याला दोन महिने कळलंच नाही.

७. कर: सगळ्यात मोठा खर्च

महाराष्ट्रात खासगी गाड्यांना एकरकमी कर लागतो. नवीन पेट्रोल कारला दहा लाखांपर्यंत किमतीच्या ११ टक्के, दहा ते वीस लाखांना १२ आणि त्यावर १३ टक्के. डिझेलला याच टप्प्यांवर १३, १४ आणि १५. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर दर २० टक्क्यांवर जातो, म्हणून ऑफिसने दिलेली गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यायचा विचार असेल तर ते आधी उरका.

हे दर नव्या गाडीचे आहेत. परराज्यातून आलेल्या जुन्या गाडीला वयाप्रमाणे सूट मिळून कर कमी बसतो. आकडा ‘वाहन’ प्रणाली काढते. पण तुम्ही घरी बिल घेऊन बसा, पहिल्या नोंदणीची तारीख आणि किंमत बरोबर भरली आहे ना ते तपासा. किमतीत एक शून्य किंवा तारखेत एक वर्ष चुकलं तर हजारो रुपयांचा फरक पडतो. भरलेला कर परत मागण्यापेक्षा भरण्याआधी दुरुस्ती करून घेणं कितीतरी सोपं.

पैसे सरकारी पोर्टलवर स्वतःच्या खात्यातून भरा आणि पावती त्याच दिवशी छापून ठेवा.

८. नंबर मिळाला, आता पुढे

पाटी कोणत्याही दुकानातून बनवून चालत नाही. उच्च सुरक्षा पाटीच लागते: अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक, पुन्हा न निघणारी कुलपं आणि पुढच्या काचेवर तिसरा स्टिकर. डिझेलला तो नारिंगी, पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा. तुमच्या गाडीला आधीपासून अशी पाटी असली तरी ती जुन्या नंबरची आहे, नवीन घ्यावीच लागते. पाटीच्या नावाने पैसे उकळणाऱ्या बनावट वेबसाईट बऱ्याच आहेत. शोधून सापडलेल्या लिंकवर न जाता राज्याच्या परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरूनच आत शिरा.

त्यानंतर विमा कंपनीला नवीन आरसी पाठवून पॉलिसीवर नंबर आणि पत्ता बदलून घ्या. हे लोक विसरतात आणि अपघातानंतर क्लेमच्या वेळी आठवतं. पीयूसी नवीन नंबरवर काढा. फास्टॅग देणाऱ्या बँकेकडे नंबर बदलायला टाका, नाहीतर टोलनाक्यावर कॅमेऱ्यातला नंबर आणि टॅगचा नंबर जुळत नाही. सोसायटीचं स्टिकर, ऑफिसचं पार्किंग ही किरकोळ कामं सवडीने. लायसन्स नवं काढायची गरज नाही, फक्त त्यावरचा पत्ता ‘सारथी’ पोर्टलवरून बदलून घ्या.

९. जुन्या राज्यातला कर परत मागा

थकून गेल्यामुळे पुष्कळ लोक इथे सोडून देतात. सोडू नका, तुमचे हक्काचे पैसे आहेत. कर्नाटकासारख्या राज्यात आयुष्यभराचा कर भरलेली गाडी कायमची बाहेर गेली, तर उरलेल्या वर्षांच्या प्रमाणात परतावा मिळतो. गाडी जितकी नवी, तितकी रक्कम मोठी. अर्ज जिथून एनओसी घेतली त्याच आरटीओत करायचा असतो. त्याला महाराष्ट्राच्या नवीन आरसीची प्रत, इथे कर भरल्याची पावती, एनओसीची प्रत, मूळ कराची पावती आणि बँक खात्याचा रद्द केलेला चेक लागतो. म्हणजे आधी इथे भरायचं आणि मग तिथून मागायचं, त्यामुळे काही महिने दोन्हीकडचे पैसे अडकून राहतात, तेवढी तजवीज ठेवा.

एनओसी आणायला जाल त्याच दिवशी परताव्याचा कोरा अर्ज आणि तिथल्या कागदांची यादी घेऊन या. मी तसं केलं होतं, म्हणून नवीन आरसी आल्यावर पुन्हा धारवाडची बस धरावी लागली नाही. कागद रजिस्टर्ड पोस्टाने पाठवले आणि पोच आली. ती पोच, पावत्या आणि जुन्या आरसीची झेरॉक्स एका फाईलमध्ये लावून ठेवा आणि खात्यात रक्कम दिसेपर्यंत ती फाईल हाताशी राहू द्या.